बाबांची जागा

हॅलो? … हॅलो, कोण? … डॅरेल, अरे हळू! … हो, मी कुजबुजतेच आहे. शिकारीला दबा धरून बसल्यावर काय भाषण ठोकू? … बोल पटकन.

… काय? … मेंढ्यांच्या कुरणावर? … किती गाड्या? … आणि त्या चारचाकी फटफट्या? … तुझ्या पुऱ्या शिकारी क्लबाच्या? … आणि कुणीतरी काय तळतंय? … बेकन. वा! वाऱ्यावर तळल्या डुकराचा वास सोडलाय. एल्क हरणं काय न्याहारीला येणारेत होय रे? शिंगं घालून, हात धुऊन?

… मला काय विचारतोस कोण फुटलं म्हणून? … मी? मी सांगेन? माझा नवरा देवाघरी गेला, त्यालासुद्धा बाबांची शिकारीची जागा ठाऊक नव्हती. … मग बहिणीवर घसरायचं नाही.

… बाबा इथंच आहेत, माझ्या बाजूला. सँडविच खातायत. … कसे असणार? गुडघा भोपळ्याएवढा झालाय. पण दुर्बिणीवरचा डोळा हलत नाही. … ठाऊक आहे रे मला, हा शेवटचा हंगाम. बर्फ वितळलं की माझ्याकडे गावात राहायला येणार, मग कुठला डोंगर आणि कुठलं काय. म्हणून तर म्हणते, आज त्यांना एक एल्क मिळाला पाहिजे. आज गोंधळ नको.

… थांब. मी काय विचारते ते सांग. बाबांच्या जागेची ती खूण तुझ्या त्या वाट दाखवणाऱ्या जीपीएसमध्येच होती ना? बाबांनी सहा वर्षांमागं नाताळात दिलेल्या? … मग ते यंत्र कुणाच्या हातात दिलंस? … नाही दिलंस. मग? … काय जोडलंय? … हो, पण कशाला कशाला? … म्हणजे क्लबातल्या सगळ्यांची यंत्रं एकमेकांना जोडलीत, आणि एकानं खूण उघडली की सगळ्यांच्या पडद्यावर दिसते. असं? … वाट चुकू नये म्हणून! … अरे शहाण्या, चुकू द्यायचं ना त्यांना!

… नाही, विसरलास म्हणू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आता यंत्राच्याही भिजेना. जसा मालक तसा त्याचा डबा. … बाबांच्या आधीच्या जागेचं, बॅजर खिंडीचं काय केलंस? दोन बिअर पोटात गेल्या आणि अख्ख्या बारला नकाशा काढून दाखवलास, कागदी रुमालावर. पुढच्या वर्षी तिथं जत्रा भरली. बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते, आठवतंय?

… नाही, मी हसत नाहीये. … बरं, हसतेय. … अरे हो, हसतेय, काय करू! … बाबा, सांगू का याला? … मान हलवतायत. सांगते. डॅरेल, कशावर बसलायस? … फटफटीवर? मग उतर. जमिनीवर बस. … बस म्हणते ना.

ती बाबांची जागा नाहीच. … नाहीच म्हणजे नाहीच. कधीच नव्हती. … बाबांनीच. स्वतःच्या हातानं. मुद्दाम भलत्या डोंगरावर खूण करून दिली तुला. … अरे तिथं एल्क कशाला येईल? तिथं पाणी नाही, आडोसा नाही, उन्हाळाभर मेंढ्या लोळतात. डोळे असलेल्या माणसाला कळलं असतं. पण तुझे डोळे त्या बाणावर! बाण म्हणेल तिकडे जायचं, बाण म्हणेल तिथं बसायचं. सहा वर्षं बसलास की रे तिथं! आणि घरी येऊन लांडग्यांच्या नावानं बोटं मोडलीस. लांडग्यांनी एल्क संपवले म्हणे! लांडगेही हसले असतील.

… डॅरेल? … रडतोयस? … नाही कसं, नाक ओढल्याचं ऐकू येतंय. … हं. … हं. … तेही खरंच. … नाही, तसं नाही म्हणत मी. तुझेही वडील आहेतच. … अरे, एल्क तुला नकोच आहे का? मग? … फक्त त्यांच्या शेजारी बसायचंय. … हे आधी बोलायचं होतंस, गाढवा. एल्क पडला तर खाली कोण वाहून नेणार, ही पण चिंता होतीच मला.

बाबा, तो म्हणतोय तुमच्या शेजारी बसायचंय. … काय? … अहो, नको! परत डांगोरा पिटेल. … बाबा, मी सांगून ठेवते… बरं. बरं. तुमची जागा, तुमचा मुलगा.

डॅरेल, ऐक. एकटा यायचं. गाडी जुन्या लाकडी पुलापाशी ठेवायची आणि पुढं पायी. … पायी म्हणजे पायांनी. दोन आहेत ना तुला? … कुठं म्हणजे, तुला माहितीये ही जागा. … माहितीये! लहानपणी हरवला होतास ना, तोच वीज पडलेला देवदार. खोडाच्या ढोलीत बसून भोकाड पसरलं होतंस. चड्डीही ओली होती. … हो, तीच. बाबा तुला शोधत आले आणि बघतात तर काय, समोर ओढ्यावर कळप उभा. तुझ्यामुळंच सापडली ही जागा. … खरंच सांगतेय. तुझ्या त्या डब्यात नाही ती, तुझ्या डोक्यात आहे.

… बाबा विचारतायत, ती हरवल्याची गोष्ट कुणाला सांगितली होतीस का? … मित्रांना? … बायकोला? … बायकोलाही नाही? … चड्डीमुळं! … बाबा, कुणालाच नाही म्हणतो. … ते म्हणतायत, आयुष्यात पोरानं एक गोष्ट पोटात ठेवली, त्याला येऊ दे.

ये मग. पुलावरून डावीकडं, ओढा धरून वर, बस. … विसरशील कसा? … अरे, एवढं सोपं… थांब. काय वाजलं ते? … ते टिक करून काय वाजलं? … डॅरेल, तू काय दाबलंस? … खूण केलीस. नकाशावर. विसरू नये म्हणून. … आणि ती यंत्रं? … सोडवलीस का एकमेकांपासून? … आणि हा घरघराट कसला? … बेकनवाले उठले? … सगळे? … चाललेही?

धन्य आहे रे तुझी! धन्य! … नाही, तू बोलूच नकोस.

बाबा, उठा. यानं खूण केली. अख्खा क्लब इकडं निघालाय. … हसताय काय? संपलं ना सगळं! … काय? … अजून वर? … वर कुठं? … हिच्यापेक्षा चांगली? … म्हणजे… म्हणजे ही पण ती नाही? बाबा, मी एवढी वर्षं तुमच्यासोबत इथं थंडीत बसतेय! … मी? मी कुणाला सांगितलं असतं? … पाद्र्यांच्या बायकोला? ते एकदाच! आणि तेही फक्त…

डॅरेल, तू आहेस अजून फोनवर? … हसू नकोस. … नाही, मला माहीत नाही कुठं जातायत, माझ्याकडं पाठ करून चाललेत. … गुडघा? तो गुडघा बघ कसा चढ चढतोय! … हसू नकोस म्हणते ना! … ये, पुलापाशी ये, आता दोघंही शोधू त्यांना. … बाबा! अहो बाबा, थांबा की! … ठेवते रे.