कुंडलच्या घराची आखणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय हंबीरराव, व्यासपीठावरील ज्येष्ठ मंडळी, सत्कारमूर्ती शमशेरभाई, अख्तरबीभाभी, आणि सांगली-साताऱ्याहून अगत्यानं आलेले घरमालक, गवंडी, सुतार, सर्वांना या कीर्तीचा नमस्कार.

आमचं ऑफिस चार टेबलांचं. शेतातली घरं, लहानशा बंगल्या, साताऱ्याच्या डोंगरावरच्या लाकडी खोल्या, एवढाच आमचा व्याप. मी नकाशे काढायचे आणि शमशेरभाईंनी साइट सांभाळायची, असं एकवीस वर्षं चाललं. त्यांच्या कामांची यादी वाचायला मला सांगितलंय. पण मी एकाच घराविषयी बोलणार आहे.

नऊ वर्षांपूर्वी कुंडलच्या धरणेंद्रकाकांना शेतात राहायला घर हवं होतं. मी हौसेनं नकाशा काढला. बैठक दोन पायऱ्या खाली, स्वयंपाकघर एक पायरी वर. काकांना पसंत पडला. गुणमालाकाकूही छान आहे म्हणाल्या. कागद त्यांनी उलटा धरला होता, ते काही माझ्या लक्षात आलं नाही.

आखणीच्या सकाळी शमशेरभाईंनी चुन्याची पांढरी फक्की मारून जमिनीवर खोल्या आखल्या. खोदाईला माणसं उभी, आणि यांनी काम थांबवलं. मी सगळ्यांदेखत विचारलं, "इथं आर्किटेक्ट कोण आहे, तुम्ही की मी?"

 ते मला बांधाकडे नेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, काकू दोनदा खुंटीला अडखळल्या. त्यास्नी पांढरी रेघ दिसंना झालीय. पायऱ्या कशा दिसतील?"

मी काकूंना बाजूला घेऊन विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. मग सांगितलं, की नजर परत येणार नाही असं डॉक्टर वर्षापूर्वीच म्हणाले होते. घरात मात्र त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. कळलं तर काका घर रद्द करून मुलाकडे पुण्याला जातील, आणि काकांचा जीव तर शेतात.

अशा वेळी नकाशा काढणाऱ्यानं काय करावं? शमशेरभाईंनी फक्कीवर विटांचा एक थर सिमेंटशिवाय, कोरडाच मांडला आणि म्हणाले, "काकू, तुमी चालून बघा. अडखळाल तिथली वीट हलवू."

काकू चप्पल काढून चालल्या. विटा सरकत गेल्या. चौथ्या फेरीला त्या स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत न थांबता गेल्या. मग त्यांनी स्वतःच काकांना हाक मारली आणि सगळं सांगितलं.

काका विटांच्या ढिगावर टेकले. म्हणाले, "एक पायरी बी नको. हिला जमंल तसं बांधा. ऱ्हायचं हितंच."

तसंच बांधलं. सगळं एका पातळीत, आणि भिंतीला हात फिरवत जाता येईल अशी लाकडी पट्टी. मागच्याच आठवड्यात काकूंच्या हातचा चहा मी त्या स्वयंपाकघरात प्याले. त्या घराचं पुढं कौतुक झालं, मासिकात नाव माझं छापून आलं. शमशेरभाईंनी त्यावर चकार शब्द काढला नाही.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, याबद्दल आपली आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, ते आपण सांभाळून घ्यालच. पण एक माफी मला फक्त शमशेरभाईंकडे मागायची आहे. त्या सकाळी चार माणसांदेखत बोलले होते, म्हणून आज भरल्या सभेत म्हणते. शमशेरभाई, माझं चुकलं.