सातवी चावी

केरबा : आवं बाई, थांबवा ते मशीन. आत्ताच्या आत्ता थांबवा.

अंजना : केरबामामा, आज नको. पाहुणे डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत चहा घेताहेत. साडेचार मिनिटांत मशीनमधून किरण सुटेल, आणि तो कॉम्प्युटर कसा सांभाळतो ते बघायलाच ते आलेत. आधी त्या चपला उचला. माझे कागद मळले सगळे.

केरबा : चपला बघा तरी. मशीनच्या हॉलच्या दारात हुत्या. टायरचा तळ, अंगठ्यापाशी तांब्याची तार गुंडाळल्याली. जोतिबाच्या हायत.

अंजना : बरं, मग?

केरबा : मग काय? जोतिबा आत हाय. पंप पुसायला गेलाय.

अंजना : आत कुणी नाही. हे बघा, काय छापून आलंय. दार बंद. चाव्या सात, सातही फळीवर. आत जाणाऱ्यानं आपली चावी खिशात घेऊन जायची, हा नियम तुमचाच ना? फळीवर एक चावी कमी असती तर कॉम्प्युटरनं सुरुवातच केली नसती. तो आता चुंबकांत करंट चढवतोय.

केरबा : त्येला चाव्या मोजता येत्यात. माणसं न्हाई.

अंजना : आठ महिने तुमच्या तोंडून हेच ऐकतेय. दहा वर्षं हातानं चकत्या फिरवून मी मशीन चालवलं, ह्या पेटीला काय कळतंय. मामा, खरं सांगा, तुम्हाला हे बंद पडायलाच हवंय. गेल्या महिन्यात दोनदा लाल बटण दाबलंत. दोन्ही वेळा काही निघालं नाही.

केरबा : दाबलं. खोटं कशाला बोलू, भ्या बी वाटलं आन् ह्या पेटीचा राग बी हुता. म्हनून तुमी बटनावर झाकन घालून कुलूप लावलं. त्येबद्दल माजं काय म्हननं न्हाई. पर आता उघडा ते.

अंजना : आता बंद केलं तर सगळं पहिल्यापासून चढवायला तीन तास लागतील. पाहुण्यांची गाडी दुपारची. ते असेच परत गेले तर कॉम्प्युटरही परत जाईल. तिकडे हळदीच्या पेठेत माझे वडील दिसेल त्याला सांगत फिरतात, पोरगी कॉम्प्युटरवर यंत्र चालवते म्हणून. त्यांना काय सांगू? दाराशी चपला होत्या?

केरबा : बाई, किरण सुटला की आपन भिंतीआड वाचतो. आतला मानूस न्हाई वाचत. डोळ्याला दिसत न्हाई, पर हाडापतूर जाळतो. ह्ये तुमीच आमाला फळ्यावर काढून शिकिवलंय.

अंजना : दार ठोठावून बघितलंत?

केरबा : दोनी मुठींनी. घंटा सपली तसं आपसूक कुलूप पडलं, न्हाईतर आतच गेलो असतो.

अंजना : आतून आवाज आला?

केरबा : न्हाई.

अंजना : झालं तर. घंटा दोन मिनिटं वाजत होती, पार फाटकापर्यंत ऐकू जाते ती. आत माणूस असता तर चालत बाहेर आला असता. गेला असेल अनवाणी कुठंतरी.

केरबा : बाई.

अंजना : बोला ना. दोन मिनिटं राहिलीत.

केरबा : त्येला ऐकू येत न्हाई.

अंजना : काय?

केरबा : पासष्टच्या लढाईत तोफेवर हुता. डावा कान तवाच गेला. आज बारा वर्सं झाली. उजवा गेल्या सालापासनं. तोंडाकडं बघून बोलनं वळखतो. हितल्या तपासनीत डाक्टरच्या पाठीमागं मी हुबा हुतो. माज्या खुना बघून उत्तरं दिली त्येनं.

अंजना : आणि चावी? ऐकू येत नसेल, पण त्याची चावी फळीवर कशी आली?

केरबा : मी टांगली.

अंजना : मामा.

केरबा : आत उकडतंय म्हनून कोट भाईर बाकावर टाकून गेला. सायेब लोक येनार म्हनल्यावर पलटनीतली सवय, समदं जागच्या जागी पायजे. कोट झटकला तर खिशात चावी वाजली. वाटलं, काम आटपून गेला आन् चावी टांगायची इसरला; त्येला शिवी दिली आन् सातवी चावी फळीवर लावली. चपला मागनं दिसल्या. पाप माजं हाय. उघडा ते कुलूप.

अंजना : किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकलीय. ओढा, तुटू दे. हां, आली. उघडलं. दाबलं. जा, दार सुटेल आता, पळा.

(यंत्राची घरघर बसत जाते. थोड्या वेळानं केरबा एकटाच परत येतो.)

केरबा : धडधाकट हाय. पंपामागं उकिडवा बसून तेल पुसत हुता. खांद्यावर हात ठेवला तवा दचकला. हात धुतोय.

अंजना : चाळीस सेकंद उरले होते. छापून आलंय.

केरबा : पानी घ्या आधी.

अंजना : बंद का केलं ते कॉम्प्युटर विचारतोय. कारण टाइप केल्याशिवाय पुढं सरकत नाही. मीच तसं बसवलंय.

केरबा : माजं नाव घाला. चावी केरबानं टांगली. नोकरी गेली तर जाईल, गावाकडं कुंडलला भाऊ हाय, शेतात राबीन. त्येच्या कानाचं तेवढं नगा लिवू. अंबूबाईला मी शबुद दिलाय, तुज्या नवऱ्याला सांभाळतो म्हनून.

अंजना : आज सांभाळला असता चांगला. कानाचं लिहावंच लागेल, मामा. पण आधी माझं लिहिते. आतल्या माणसाला घंटा ऐकू येणारच, हे मी धरून चालले. आणि बटणाला कुलूप लावलं. आत दिवे लावायला सांगते, डोळ्यावर येतील असे. जोतिबाला ठेवावं म्हणून साहेबांशी भांडेन. ठेवतील की नाही, माहीत नाही.

केरबा : आन् पावनं?

अंजना : जातील दुपारच्या गाडीनं. फोन वाजतोय, साहेबच असणार. घ्या तुम्ही, मी हे कारण टाइप करते.

केरबा : का बंद केलं म्हनून इचारलं तर काय सांगू?

अंजना : आत माणूस होता, असं सांगा.

जोतिबा : केरबा, आरं दारात काढल्याल्या माज्या चपला कुनी नेल्या रं? समदा व्हरांडा हुडाकला.