खंडेनवमीचा अपडेट आणि सखूबाईंचे सदतीस काठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विणकर सहकारी संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय ओमप्रकाशजी, व्यासपीठावर विराजमान मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण लकडगंजच्या या सभागृहात जमलो त्या सत्कारमूर्ती सखूबाई, आणि पंखे कमी, माणसं जास्त अशा अवस्थेतही शांत बसलेल्या माझ्या विणकर बंधू-भगिनींनो,

मी संजीव, संस्थेचा सचिव. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पुस्तक प्रकाशन व मनोगत' असं छापलं आहे. मनोगत होईल. पुस्तकाचं काय ते सांगतो, जरा धीर धरा.

सखूबाईंनी बावन्न वर्षं हातमाग चालवला. इतवारीच्या बाजारात गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच "सखूबाईचा काठ आहे का?" असं विचारायचं, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. मग डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि माग थांबला. येत्या सोमवारी त्या लेकीकडे, भिलाईला, कायमच्या चालल्या. आणि यांचे काठ कागदावर कधीच नव्हते! सासूने तोंडी दिले, यांनी तोंडी ठेवले, स्वतःचे रचले तेही तोंडीच. "दोन उचल, तीन सोड, एक उचल" अशी धाग्यांची मोजणी त्या एका दमात म्हणायच्या. दोन वर्षं, दर मंगळवारी आणि शनिवारी, त्या ऑफिसात येऊन बसल्या, आणि मी एकेक चौकट रंगवत ती मोजणी कॉम्प्युटरवर उतरवली. सदतीस काठ झाले. त्यांच्या पुस्तकाची छपाई दसऱ्यानंतर एकदमच करू, असं कमिटीत ठरलं. मीही मान डोलावली.

आता त्या कॉम्प्युटरविषयी. महिनाभर तो मला रोज विचारत होता, अपडेट करू का? मी रोज 'नंतर' दाबत होतो. 'नको' असं बटणच त्यात नाही हो! दारावर आलेल्या फेरीवाल्याला नको म्हणता येतं. मी पैसे मोजून घेतलेल्या यंत्राला मला नको म्हणता येऊ नये?

अशात खंडेनवमी आली. आपली रीत तुम्हाला सांगायला नको. माग पुसायचे, पूजा करायची आणि त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. म्हटलं, सखूबाईंचे काठ ज्यात आहेत तेही आपलं हत्यारच. मांडला कॉम्प्युटर पूजेत. आमच्या ऑफिसातली उन्नती म्हणाली, "काका, बंद काहून ठेवता? पडद्यावर देवी लावून देतो, चालू राहू द्या." पटलं मला. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, हात जोडले आणि कुलूप लावून घरी गेलो.

त्या दिवशी 'नंतर' दाबायला कुणीच नव्हतं. आपले सारे माग गुमान बसून होते. हा एकटा कामाला लागला.

एकादशीला ऑफिस उघडलं, तर पडद्यावर 'आपले स्वागत आहे'. माझ्याच ऑफिसात माझं स्वागत! देवी गेली, फोल्डर गेलं, सदतीस काठ गेले. मी म्हटलं, घाबरायचं नाही, पेनड्राइव्ह आहे. लावला. त्यात फोल्डर नव्हतंच, फोल्डरकडे जायचा नुसता शॉर्टकट होता. दोन वर्षं मी इमानेइतबारे तो शॉर्टकट जपून ठेवला होता. ही चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. सीताबर्डीतल्या दोन कारागिरांना कॉम्प्युटर दाखवला, दोघांनी हात टेकले. कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकलं, तेव्हा कुठे एक बाई बोलल्या, "सर, ये अपडेट आपकी सुरक्षा के लिए ही है." कुणापासून सुरक्षा? सखूबाईंपासून? चोराने निदान कुलूप तरी तोडलं असतं!

माफ करा अध्यक्ष महाराज, आवाज चढला.

सखूबाई, तुम्ही दर आठवड्याला मला विचारलं, "पुस्तक आलं काय गा, संजू?" आणि मी म्हणत राहिलो, "छापून राहिले, मावशी." दीड महिना मी तुमच्याशी खोटं बोललो. त्या टेबलावर लाल कागदात बांधून ठेवलेला आहे तो संस्थेचा गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल आहे. फोटोपुरतं निभावून न्यावं असं मनात होतं. आता इथे उभं राहिल्यावर ते जमत नाही. मावशी, सोमवारची गाडी पुढे ढकला. मी पुन्हा लिहायला बसतो, तुम्ही पुन्हा सांगा.

काय म्हणता? माईक द्या जरा त्यांना. नको? बरं, मीच सांगतो सगळ्यांना. त्या म्हणतात, "मले आता बाराच आठवते. तू लिहून घेतलं ना गा! मंग मी कायले डोक्यात ठेवू? सोडून देल्ले."

ऐकलंत? गेला दीड महिना मी कंपनीला शिव्या घातल्या. पण दर शनिवारी यांना "मावशी, झालं हं, आता हा पक्का झाला" असं मीच सांगत होतो. माझ्या भरवशावर यांनी विसरून टाकलं. याचं मी काय करू?

मंडळी, आता मी भाषण सोडून बोलतो. बावन्न वर्षं जे विणलं ते कुठे तरी आहे ना? तुमच्या ट्रंकांत आहे, लेकीसुनांच्या कपाटांत आहे. आज घरी गेल्यावर सखूबाईंच्या काठाची साडी शोधा. फाटकी असो, गोधडीला लावलेली असो, घेऊन या. बघा, तिसऱ्या रांगेतून देवकीबाई उठल्या. या, या, वर या. नेसूनच आल्या आहेत! मावशी, हा पदर हातात घ्या. काठावरून बोट फिरवा. सावकाश.

"एक उचल, चार सोड..."

माईक नको, सगळे जरा गप्प राहा.

मावशी मान हलवून राहिल्या. हा त्या बारांतला नाही म्हणतात. तेरावा आहे! उन्नती, कागद आण, पेन आण, पळ!

अध्यक्ष महाराज, पाहुणे मंडळी, आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण पोटात घालावं. जे खोटं बोललो त्याची माफी मी मावशींकडे मागेन, पण आत्ता नाही. त्या मोजून राहिल्या, आणि मले लिहाचं आहे.