चक्कर गोल असती

बानाबाई : तिथंच थांबा. पायरी चढू नका.

सूर्यभान : का? फरशी पुसलीस का?

बानाबाई : फरशीचं नाय. डबा खाली ठेवा आन् इकडं लिंबाखाली या. मोकळ्यात.

सूर्यभान : अगं, दहा किलो दळण हाय खांद्यावर. आत ठेवू दे आधी, मग तुझं मोकळ्यात काय ते बघू.

बानाबाई : आत जायचं नाय म्हणते ना. भूकंप झाला.

सूर्यभान : काय झाला?

बानाबाई : भूकंप. आत्ता, साडेदहाच्या सुमाराला. तुम्हाला नाय कळला?

सूर्यभान : मी गिरणीत होतो.

बानाबाई : मंग गिरणी नाय हलली?

सूर्यभान : गिरणी रोजच हलती. पट्टा सुरू झाला की गिरणीवाल्याच्या दाढा सुद्धा हलत्यात. आज जास्त हलली का कमी, कुणाला कळायचं?

बानाबाई : घ्या. सगळ्या जन्मात एकदा भूकंप आला, आन् हे गिरणीत.

सूर्यभान : बस तू. ह्या कट्ट्यावर बस. पाणी पिलीस का? सकाळची गोळी घेतली?

बानाबाई : आले बघा गोळीवर. गोळी घेतली, पाणी पिले, न्याहारी बी झाली. आता माझं ऐका. भाकरी थापत व्हते. एक तव्यावर, एक परातीत. आधी मांडणीवरचे डबे वाजायला लागले. किणकिण, किणकिण. मला वाटलं मांजर शिरलं. वर बघते तर मांजर कुठं नाय, डबेच एकमेकाला टेकतात आन् सुटतात. हंड्यातलं पाणी ह्या काठाकडनं त्या काठाकडं. खालनं घुर्र असा आवाज, दारात ट्रक उभा राहिल्यावानी. म्हणलं भिंतीचा आधार घ्यावा. भिंतीला हात लावला, तर भिंतच हलती. मंग सोडली भिंत आन् पळाले. गॅस बंद करून पळाले, ते बी ध्यानात ठेवा. पोराला, कारभाऱ्याला सांगायच्या कामाला येईल.

सूर्यभान : किती वेळ चाललं हे?

बानाबाई : अर्धी भाकर थापून व्हावी तेवढा.

सूर्यभान : हं.

बानाबाई : हं काय?

सूर्यभान : काय नाय. तू जरा आडवी पड. मी बाज आणतो बाहेर.

बानाबाई : तुम्हाला वाटतं मला चक्कर आली.

सूर्यभान : तसं नाय म्हणलो मी.

बानाबाई : तोंडावर लिहिलंय तुमच्या.

सूर्यभान : मग काय म्हणू? इथं भूकंप होत नसतो, बाई. खाली सगळा काळा पाषाण हाय. तीस वर्षं अजिंठ्याच्या लेण्यात ड्युटी केली मी. मोठमोठ्या साहेब लोकांबरोबर फिरलो. माझ्या ड्युटीत छताची एक कपची जागची हलली नाय.

बानाबाई : ड्युटी तुम्ही लेण्याची केली. जमिनीची नाय.

सूर्यभान : भूकंप म्हणजे काय गंमत हाय का? किल्लारीला गावंच्या गावं गेली. इथं तर तुझी कपबशी बी फुटलेली दिसत नाय.

बानाबाई : कपबशी फुटलीच पायजे का? लहान भूकंप नसतो का कुठं?

सूर्यभान : जनावरांना म्हणं आधी कळतं. आपली शेळी काय म्हणाली?

बानाबाई : शेळी पाला खात व्हती. तिला काय फिकीर? तिला कोण पुण्याला नेणार हाय?

सूर्यभान : आता पुणं कुठनं आलं मधी?

बानाबाई : तुमचा हात खिशात गेला, तिथनं आलं. फोन काढू नका.

सूर्यभान : कारभाऱ्याला सांगावं लागंल. मागच्या महिन्यात सोयगावच्या लग्नात मांडवात बसल्या जागी कलंडलीस. दूध दोनदा जाळलंस. आता म्हणतीस जमीन हलली. मी गप बसलो अन् तुला काही झालं, तर पोरगा मला काय म्हणंल?

बानाबाई : काय सांगणार त्याला? तुझी आई म्हणती जमीन हलली?

सूर्यभान : जे झालं ते सांगणार.

बानाबाई : मंग तो मला पुण्याला न्यायला रैवारची वाट बी बघायचा नाय. आजच गाडी काढंल. घराला कुलूप, शेळी कुणाला तरी देऊन टाकायची, आन् मला नेऊन बसवायचं नवव्या मजल्यावर. तिथं खिडकीतनं बघितलं की दुसरी खिडकी. मागं पंधरा दिवस राहिले, तर एक बाई मला नावानं ओळखत नव्हती. इथं रस्त्यावर निघाले तर चार जणी विचारतात, बानाबाई, कुठं निघालीस. मला नाय जायचं. हे मी तुम्हाला दहा बाऱ्या सांगितलं.

सूर्यभान : तुझ्या जिवासाठीच करतोय ना तो.

बानाबाई : माझ्या जिवासाठी करतोय तर माझं ऐकून घ्या म्हणावं. हे बघा, चक्कर काय असती ते मला ठाऊक हाय. तुम्हाला नाय.

सूर्यभान : बरं, काय असती?

बानाबाई : चक्कर गोल असती.

सूर्यभान : म्हणजे?

बानाबाई : चक्कर आली की घर असं गोल फिरतं. मांडणी इथनं निघती आन् फिरून इथं येती. पोटात ढवळतं. डोळे मिटले तरी फिरतंच. आजचं गोल नव्हतंच. पुढं-मागं, पुढं-मागं. पीठ चाळताना चाळणी हलती तसं. आन् मी डोळे मिटून बघितलं ना. डोक्यात सगळं शांत. पाय तेवढे हलत व्हते.

सूर्यभान : भूकंपात तू डोळे मिटून बघितलंस?

बानाबाई : मंग? कोण हलतंय ते ठरवायला नको?

सूर्यभान : तुझं काय करावं तेच कळत नाय मला.

बानाबाई : एक तास द्या. तासाभरात खरं निघालं नाय, तर मीच कारभाऱ्याला फोन लावते आन् मीच पिशवी भरते. घराचं कुलूप बी मीच लावते.

सूर्यभान : खरं बोलतीस?

बानाबाई : तुमची शपथ.

सूर्यभान : माझी कशाला? अन् गवाही कोण देणार तुझ्या भूकंपाची? समोरचे दोघं कामाला गेले. वरची खोली रिकामी.

बानाबाई : शेजारचे नानासाहेब हायेत की. जन्मभर हेडमास्तर व्हते, खोटं बोलायचे नायत. ते बघा, गॅलरीत आले. अहो नानासाहेब, तुमच्याकडं काय हललं का मघाशी?

नानासाहेब : हललं? काय हललं?

बानाबाई : जमीन. साडेदहाच्या सुमाराला.

नानासाहेब : मला काही कल्पना नाही. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

बानाबाई : खुर्ची, पंखा, भांडी? बिलकुल काहीच नाय?

नानासाहेब : वाचताना माझं इकडेतिकडे लक्ष नसतं, बानाबाई.

सूर्यभान : ऐकलंस?

बानाबाई : ऐकलं.

सूर्यभान : बस आता. मी पाणी आणतो.

बानाबाई : नको पाणी. लावा फोन.

सूर्यभान : अजून तास नाय झाला.

बानाबाई : कशाला तास? ते मधल्या भिंतीपलीकडं बसले व्हते. त्यांना नाय कळलं म्हणजे माझंच डोकं असंल. तुम्हाला एक सांगू? मी अंगणात पळाले ना, तवा भ्याले नव्हते. मला लई आनंद झाला व्हता. ह्या लिंबाला धरून उभी व्हते आन् एकटीच हसत व्हते. म्हणलं, ह्या बारीला मी नाय, जमीन हाय. तुम्ही कवा येता आन् तुम्हाला कवा सांगते, असं झालं व्हतं.

सूर्यभान : अगं, रडू नको.

बानाबाई : रडत नाय. लावा फोन.

नानासाहेब : बानाबाई, एक मिनिट. मी खालीच येतो. असं गॅलरीतून बोलणं बरं नव्हे.

सूर्यभान : या गुरुजी. तुम्हीच समजवा हिला.

नानासाहेब : आमची सूनबाई दळण घेऊन परत येताना दिसली का हो तुम्हाला?

सूर्यभान : नंबरात बसलीय. तिच्यापुढं दोन डबे होते.

नानासाहेब : म्हणजे अजून दहा मिनिटं आहेत. मी आता जे सांगणार आहे ते तिच्या कानावर जाता कामा नये. बानाबाई, तुमच्या हंड्यातलं पाणी कोणत्या दिशेनं हललं? मी वरून सगळं ऐकत होतो.

बानाबाई : दाराकडनं देवाच्या फळीकडं. आन् परत दाराकडं.

नानासाहेब : म्हणजे पूर्व-पश्चिम. माझी खुर्चीसुद्धा पूर्व-पश्चिमच सरकली.

बानाबाई : काय म्हणलात?

नानासाहेब : खुर्ची सरकली. भिंतीवरची आमच्या हिची तसबीर वाजली. पंखा बंद होता, तोही झुलत होता.

सूर्यभान : गुरुजी, मग मघाशी तुम्ही नाय कसं म्हणालात?

नानासाहेब : मला वाटलं, माझं हृदय. मागच्या आठवड्यात छातीत धडधडतं म्हणालो, तर सुनेनं गच्चीचा जिना बंद केला. त्याआधी घाम आला म्हणालो, तर मंडईत जाणं बंद. आता खुर्ची हलते म्हणालो असतो, तर पलंगावरून उठू दिलं नसतं. म्हणून गोळी जिभेखाली ठेवली आणि गुपचूप आडवा झालो. मृत्युपत्र कपाटाच्या कोणत्या खणात आहे, ते आठवत पडलो होतो.

बानाबाई : आन् मी इकडं पिशवी भरायला निघाले व्हते.

नानासाहेब : माझी चूक झाली. मुलांना चाळीस वर्षं सांगत आलो, उभं राहून खरं बोला म्हणून.

बानाबाई : उभं राहून बोललातच की. आता ह्यांना सांगा. जोरात सांगा.

नानासाहेब : सूर्यभानराव, जमीन हलली. साधारण सहा ते सात सेकंद. मी जबाबदारीनं सांगतो आहे.

बानाबाई : गोल का पुढं-मागं?

नानासाहेब : पुढं-मागं. निःसंशय.

बानाबाई : चाळणीवानी?

नानासाहेब : चाळणी मी फारशी हाताळलेली नाही, पण असेल.

बानाबाई : झालं. आता बोला.

सूर्यभान : काय बोलू? दोन शाबूत माणसांखालची जमीन हलली, अन् एकानं गोळी खाल्ली, एकीनं डोळे मिटले. थांब, फोन वाजतोय. कारभारीच हाय.

बानाबाई : काय सांगायचं ते नीट सांगा.

सूर्यभान : (फोनवर) हां, बोल. नाय, घरीच. अंगणात हावोत. का रे? टीव्हीवर? कवा? साडेदहाला. हां. हां. आपल्याकडं बी धरलंय का त्यात? अन् कुणाला इजा? नाय ना. बरं झालं. अरे, मी गिरणीत होतो, मला काय कळायचं. तुझ्या आईला कळलं. सगळ्यांच्या आधी कळलं. गॅस बंद करून बाहेर आली. व्हय, गॅस बंद करून. चक्कर? चक्कर नाय रे, चक्कर गोल असती. तिलाच विचार, देतो.

बानाबाई : (फोनवर) कारभारी, टीव्हीवर काय सांगतात? सौम्य? सौम्य म्हणजे किती? मांडणीवरचा एक डबा नाय पडला, तेवढं सौम्य असंल. पण हलली बरं का, चांगली हलली. नाय, घाबरले नाय. जेवले नाय अजून, भाकर तव्यावर करपली. ती भूकंपानं करपली, माझ्या नावावर मांडू नको. काय? पुण्याला? बाबा, इथं मी एका उडीत अंगणात आले. तुझ्या नवव्या मजल्यावरनं कुठं उडी मारू? लिफ्टची वाट बघत बसू का? हस, हस. रैवारी ये तू. पोरांना घेऊन ये, राहायला ये. गाडीत माझ्यापुरती जागा ठेवू नको. बरं. बरं. ठेवते.

सूर्यभान : काय म्हणाला?

बानाबाई : बघू म्हणाला. पण हसून म्हणाला.

नानासाहेब : टीव्हीवर अधिकृत आलं म्हणजे आता प्रश्नच मिटला. मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. लोक घाबरले असतील, त्यांना शास्त्रीय माहिती द्यायला हवी.

सूर्यभान : गुरुजी, तुमची गोळी?

नानासाहेब : केव्हाच थुंकली. आणि गिरणीवरून सूनबाई आली, तर तिला सांगा, मी मंडईत गेलोय.

बानाबाई : सांगते. जिन्यानं गच्चीवर बी जाऊन या.

सूर्यभान : गेले. चाल बघ कशी झालीय त्यांची. वीस वर्षांनी तरुण झाले.

बानाबाई : माझी बी झाली असंल.

सूर्यभान : माझं चुकलं. तू सांगत होतीस अन् मी लेणी सांगत बसलो.

बानाबाई : चुकलंच. पण फोन लावला नाय तुम्ही, हातात धरून बसलात. ते बघितलं मी.

सूर्यभान : आता डबा आत नेऊ का? परत हलायची नाय ना?

बानाबाई : न्या. मी भाकरी टाकते. अहो.

सूर्यभान : काय?

बानाबाई : सोमवारी त्या डोक्याच्या डॉक्टरकडं नंबर लावा. आपण दोघंच जाऊ.

सूर्यभान : आता कशाला? सगळ्या कॉलनीला कळलं की जमीन हलली म्हणून.

बानाबाई : आज हलली. परवा मी न्हाणीत पडले, तवा नव्हती हलली.