वास येतोय म्हणजे येतोय

माझ्यावर विश्वास कोणी ठेवला, सांगा ना. कोणी नाही. गाडीत पेट्रोलचा वास येतोय म्हणून मी महिनाभर घसा कोरडा केला, तर आमचे हे म्हणतात, "तुझं नाक जरा जास्तच शहाणं आहे." अहो, मी शिकले चौथी, नाक काय कॉलेजात गेलं होतं? वास येतोय म्हणजे येतोय.

तुम्हाला सांगते, एरवी मी गप्प बसले असते... बसले नसतेच, पण समजा. आता मात्र लेक बाळंत झालेली, संध्याकाळी हॉस्पिटलातून सुट्टी, आणि दोन दिवसांची नात ह्याच गाडीतून घरी यायची. शेंगदाण्याएवढं नाक तिचं, त्यात हा वास भरायचा? मी ठणकावलं, वास जाईपर्यंत पोर ह्यात बसणार नाही, छातीशी धरून चालत आणीन.

मग निघाली वरात गॅरेजात. जावईबापू वाटभर मोबाईलमध्ये, "आई, समोर काट्यांजवळ तो पिवळा दिवा लागलाय ना, तो टाकीच्या झाकणाचा असतो." गॅरेजवाल्याच्या कॉम्प्युटरनेही तेच सांगितलं. नवं झाकण बसलं, दिवा विझला, कोपऱ्यापर्यंत गेलो तर दिवा पुन्हा हजर. परत फिरलो. गॅरेजवाला म्हणे, "मावशी, वाफेच्या नळ्यांत धूर सोडतो, फट असेल तिथून बाहेर येईल." सोडला. आम्ही चौघं गाडीभोवती वाकून, आणि धूर कुठूनच येईना. "कुठे गळत नाही मावशी, भास आहे तुमचा." हे लगेच, "मी काय म्हणत होतो?" तिकडे लेकीचा फोन, कधी येताय... वास येतोय म्हणजे येतोय, म्हटलं, आणि मीच फरशीवर गुडघे टेकून हुंगत हुंगत मागच्या चाकापाशी गेले.

"हा काळा डबा कसला?"

"त्यात कोळसा असतो, टाकीतली वाफ शोषून घेतो. त्याचं काही नसतं."

"नसेना का, काढ."

काढला आणि तिरका धरला, तर पेट्रोलची धार. गॅरेजवाल्याने बोट ओलं करून हुंगलं. "वाफेच्या जागी पेट्रोल? टाकी गळ्यापर्यंत भरतं कोण?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे. अहो, पंपावर नळी खट् करून बंद झाली की हा माणूस खाली उतरतो, गाडी धरून गदागदा हलवतो, डब्यात पीठ बसवावं तशी, आणि वर म्हणतो, "बसतंय अजून, टाक." पंपवाला नको म्हणतो, मी नको म्हणते, ऐकतंय कोण.

नवा डबा बसला, वास गेला, नात माझ्या मांडीवर आली. मी वाट बघतेय, आता तरी 'चुकलं' म्हणतील. तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणतात कसे, "पोरीला कळा कधी येतील, कधी पळावं लागेल, म्हणून टाकी गच्च ठेवत होतो. कुणासाठी केलं मी हे?"

जावईबापूंनी मान डोलावली. झाला निकाल. हे सुटले, पंपवाला सुटला, झाकण सुटलं, आणि गुन्हेगार कोण ठरलं, तर जी गाडीत पहिल्यांदाच बसली होती आणि मूठ आवळून गाढ झोपली होती, ती आमची छकुली.