पट्टा त्याच भोकावर

आता मला सांगा, घंटेला वाजायचंच होतं, तर ती नेमकी तेव्हाच वाजायला हवी होती का? ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, चर्चच्या दारात ही गर्दी, माझ्या हातात झावळी, पुढे आमच्याच गल्लीतली तार्हेलियाबाई, आणि ती बेकरीवालीच्या कानात काहीतरी सांगतेय. हळूच हं! पण तिचं हळू म्हणजे गल्लीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसतं. "अगं, ओलमेदो मास्तर फानेस्का खातच नाहीत म्हणे, ते तर सगळ्यांची नेऊन..." आणि टण्! टण्! टण्!

नेऊन काय? नेऊन काय करतात? ओततात? पुरतात? डुकरांना घालतात? अहो, अर्धी शिंक येऊन अडकावी तशी माझी गत झाली!

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं तार्हेलियाला. कशी विचारू? आमचं बोलणं आहे का? पवित्र आठवड्यातच आलेल्या माझ्या मुलीच्या वाढदिवसाला, माझ्याच घरात, माझ्याच वाडग्यातून खाऊन ही बया म्हणाली होती, "मसूर घालते ती फानेस्का कसली? आमटी ती!" आमटी! तेव्हापासून ती माझ्या दारात नाही की मी तिच्या दारात नाही. पवित्र आठवड्यातही तिचा वाडगा माझ्याकडे येत नाही आणि माझा तिच्याकडे जात नाही. आता जिच्याशी वाडगा बंद, तिच्याकडून उरलेली बातमी कशी मागायची?

बरं, फानेस्का म्हणजे पवित्र आठवड्यातलं घट्ट सूप, काही ऊठसूट होणारी गोष्ट नव्हे. वर्षातून एकदा. येशूचे शिष्य बारा म्हणून धान्यं बारा. पावट्याचा एकेक दाणा सोलायचा, मक्याचे कोवळे दाणे काढायचे, त्यात लाल भोपळा, दूध, शेंगदाण्याचं वाटण, खारवलेला मासा... दोन दिवस बोटं नुसती सुरकुतलेली! वरून अंड्याचे काप, तळलेलं केळं आणि बोटभर करंज्या. आणि मग गुरुवारी ते वाडगे निघतात, या घरातून त्या घरात. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की पुढल्या वर्षापर्यंत तोंड वाकडं. आणि वाडगा रिकामा परत करायचा नाही, त्यातही आपली फानेस्का घालायची. म्हणजे खा, भरा, परत खा, परत भरा. आमच्या इबार्रा गावातली गुड फ्रायडेची अर्धी प्रार्थना सोडाच्या बाटलीसमोर होते हो!

आणि या सगळ्यात आमचे ओलमेदो मास्तर. शिंपी. ऐंशी कधीच ओलांडली. गल्लीतल्या प्रत्येक घरातला वाडगा त्यांच्याकडे जातो, प्रत्येक वाडगा ते दोन्ही हातांनी घेतात, प्रत्येक वाडगा त्यांच्याकडून भरून परत येतो. आणि माणूस कसा? काठीसारखा! सकाळी एक पाव, एक कप कॉफी, आणि डोंगराच्या बाजूला फेरी. लग्नात हातात एकच ग्लास, तोच वरातीपर्यंत पुरतो. रागावले तरी मापात रागावतात. एकदा एका नवरदेवाने तीन वेळा कोट उसवायला लावला, तर मास्तर फक्त म्हणाले, "बाळा, आता कोटाला विचार, त्याला काय हवंय." संपला राग! सगळ्यांचं खातात, सगळ्यांकडे जातात, आणि पट्टा? त्याच भोकावर! मी माझ्या लग्नात पाहिला तेव्हा तिसऱ्या भोकावर होता, परवा पाहिला तेव्हा तिसऱ्याच.

आता मला सांगा, शेजारणीनं असं काही बघायचं नाही तर मग शेजारणीनं करायचं काय?

पण मला त्या पट्ट्याशी काही देणंघेणं नव्हतं, माझं दुखणं वेगळं होतं. माझा नवरा, वॉशिंग्टन. त्याच्या पट्ट्याला कंपनीची भोकं कधीच संपली, पुढची सगळी खिळ्यानं पाडलेली. गेल्या गुड फ्रायडेला तीन वाडगे खाऊन तो जो आडवा झाला तो थेट हॉस्पिटलात. पिवळा पडला होता हो, घामानं थबथबलेला. त्या वाकड्या बाकावर बसून मी कुठल्या कुठल्या संतांना नवस बोलले मलाच आठवत नाही. पित्ताशय सुजलेलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी एवढं खाल्लं तर इकडे आणू नका, सरळ पाद्रींकडे न्या."

हसता काय? मी हसले नाही.

आणि यंदा पवित्र आठवडा आला तर हा काय म्हणतो? "ग्रिमा, ओलमेदो मास्तर बघ. या वयात सगळ्या गल्लीचं खातात. काही होतं त्यांना? माझं तर निम्मं वय. मी तीन वाडगे खाल्ले तर आभाळ कोसळतंय?"

मास्तरांकडे पँट सैल करायला गेला, तर मास्तरांनी ती उलटी केली, शिवण बघितली आणि म्हणाले, "वॉशिंग्टन, आता शिवणीत कापड उरलेलं नाही." यानं काय करावं? घरी येऊन हसत हसत मला सांगावं! जसं काही मास्तरांनी शाबासकीच दिली!

आता कळलं ना, मला ती अर्धी अफवा का पुरी हवी होती? मास्तर खातच नसतील, तर नवऱ्याचा वकीलच पळाला! आणि खात असतील, तर... तर मग शुक्रवारी पुन्हा तो पिवळा चेहरा.

म्हणून गुरुवारी दुपारी मी काय केलं, वॉशिंग्टनची पँट काखेत, फानेस्काचा वाडगा हातात, आणि मास्तरांच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले. बसले ती बसलेच. मास्तर म्हणाले, "ग्रिमा, ठेव, बघतो मग." मी म्हटलं, "सावकाश बघा." पंधरा मिनिटं गेली. "ग्रिमा, घरी काम नाही?" "नाही हो, आज सगळं आवरलंय." घरी भांड्यांचा डोंगर! पण उठतंय कोण?

शेवटी मास्तरांनी चष्मा काढला. "बरं. बसायचंच आहे तर हात धू."

आणि मग काय पाहिलं मी! एकेक वाडगा यायचा, मास्तर दारात जाऊन "वा, वा, देव भलं करो" म्हणून घ्यायचे, टेबलावर ठेवायचे, खुर्ची ओढून नीट बसायचे, मांडीवर रुमाल, आणि एक लहानसा चमचा. एक चमचा. डोळे मिटलेले. "शेंगदाणे जरा जास्त भाजलेत." दुसरा चमचा. "मासा छान भिजवलाय." तिसरा चमचा... आणि त्या तिसऱ्याला काही बोलायचे नाहीत, नुसते हसायचे. आणि चमचा खाली! वाडगा काठोकाठ भरलेला, वाफ येतेय, करंज्या वर तरंगतायत, आणि हा माणूस चमचा खाली ठेवतो! मी सांगते, आमच्या घरात हे दृश्य कोणी पाहिलेलं नाही!

"बस? झालं?" मी विचारलं.

"ग्रिमा, सगळ्या घरांचे तीन-तीन चमचे मिळून माझी एक वाटी भरते. एका वाटीला पोट हो म्हणतं. दुसरीला म्हणतं की नाही, हे मी विचारायला जात नाही."

"आणि उरलेली?"

मास्तर उठले. कपाटातून उकडलेली अंडी काढली, सुऱ्यानं असे काप केले, शिवणीसारखे सारखे. स्वतः तळलेलं केळं, वर हिरवी पानं चिरून. जुने काप काढले, नवे तयार ठेवले. आणि माझा वाडगा... माझा वाडगा हो, दोन दिवस बोटं सोलून केलेला... तो तार्हेलियाच्या भांड्यात ओतला! आणि तार्हेलियाचा माझ्यात!

मी तोंड उघडं टाकून बघतेय. म्हणजे... म्हणजे वर्षानुवर्षं, मी घरी तो वाडगा नेऊन, चाटूनपुसून, गल्लीभर सांगत आले, "मास्तरांच्या हाताला काय चव आहे! नाहीतर ती तार्हेलिया बघा!"... ती तार्हेलियाची होती? आणि तार्हेलिया, जी मिरवणुकीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "मास्तरांची फानेस्का म्हणजे फानेस्का, मसूर किती बेतानं घालतात"... ती माझी आमटी खात होती?

"मास्तर! ही फसवणूक आहे!"

"कुणाची? टाकलं काहीच नाही. तुम्ही दोघी एकमेकींना देत नाही, म्हणून मी देतो." आणि पुन्हा बसले, पुढचा वाडगा, पुढचे तीन चमचे. मी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. त्याच भोकावर!

खोटं नाही सांगत, मला रडू आलं की हसू, मलाच कळलं नाही. आमच्या गल्लीत उपास करणारे आहेत, ते बाकीच्यांकडे पापी असल्यासारखं बघतात. फुटेस्तोवर खाणारे आहेत, ते बाकीच्यांना कंजूष म्हणतात. हा एकच माणूस, कुणाला नाही म्हणत नाही आणि स्वतःला हो-हो करत नाही.

निघताना मास्तर माझ्याकडे कापड बेतावं तसं बघत म्हणाले, "सांगणार तू. मी तुला ओळखतो. पण मापात सांग. मी तीन चमचे खातो, एवढं सांग. उरलेलं कुठे जातं, ते राहू दे. नाहीतर पुढल्या वर्षी दोघी वाडगे आणायच्या बंद व्हाल."

मला! मापात सांगायला! अहो, यापेक्षा मला उपाशी ठेवा!

पण सांगितलं. घरी येऊन वॉशिंग्टनला सांगितलं, "मास्तर प्रत्येक वाडग्यातले तीनच चमचे खातात. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

डॉक्टरचं ऐकेल? नाही. माझं? छे! पण मास्तर म्हणजे मास्तर. डोकं खाजवून म्हणाला, "कुठला चमचा?" पळीकडे हात गेला होता त्याचा, मी बघत होते. मी लहान चमचा पुढे केला.

आणि खाल्ले हो त्यानं तीनच! तिसरा चमचा तोंडात धरून बसला, डोळे मिटून, आणि मग म्हणाला, "ग्रिमा... तू यात मसूर घालतेस?"

संसाराला किती वर्षं झाली, तुम्हीच मोजा! इतकी वर्षं गिळत होता, चव यंदा कळली. "चांगली लागते," म्हणाला. मी स्वयंपाकाच्या एप्रननं डोळे पुसले.

गुड फ्रायडे आला आणि गेला. ना हॉस्पिटल, ना पिवळा चेहरा. संध्याकाळी वॉशिंग्टन आरशासमोर उभा राहून पट्टा दाखवतोय, "बघ, त्याच भोकावर!"

पण तुम्ही एक गोष्ट विसरलात, आणि मीही विसरले होते. आमच्याकडेही वाडगे आलेच होते ना? प्रत्येकातले तीन चमचे त्यानं खाल्ले, आणि म्हणाला, "उरलेलं मास्तर काय करतात गं?"

मी भांडी घासायला घेतली.

"टाकतात?"

"टाकत नाहीत!"

"मग तूही टाकू नकोस हं. पवित्र आठवड्यातलं अन्न, पाप लागेल."

इकडचं तिकडे घालायची सोय नाही, मास्तरांचा डाव उघडा पडेल. सांगायची सोय नाही, शब्द दिलाय. टाकायची सोय नाही, पाप लागेल. मग कोण खाणार?

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या दारात पुन्हा तीच गर्दी, पुढे तार्हेलिया, पुन्हा बेकरीवालीचा कान. "वॉशिंग्टनच्या घरी आता फानेस्का खातच नाहीत म्हणे, ती ग्रिमा तर सगळी..." आणि टण्! टण्! टण्! यंदा मी त्या घंटेचे आभार मानले. कारण अर्धं खरं होतं ते, नवरा खातच नाही म्हटलं तरी चालेल. उरलेल्या अर्ध्यासाठी मी सोमवारी स्कर्ट सैल करायला घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी तो उलटा केला, शिवण बघितली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं...

ते काय म्हणाले, ते तुम्हाला माहीतच आहे.