डाव्या बुटाचं टोक

काकू : आधी डावा बूट पुढे करा. गाडीवरची चादर मग काढते.

घड्याळजी : काकू, मी मोटारसायकल घ्यायला आलोय, बूट विकायला नाही.

काकू : करा हो पुढे. गियर वर टाकताना डाव्या पायाचं टोक दांडीला घासतं. चालवणाऱ्याच्या बुटावर तिथे काळा डाग असतो. तुमचा बूट तर आरशासारखा आहे.

घड्याळजी : नवा आहे.

काकू : तुमच्या आधी दोघं आले, त्यांचेही नवेच होते. एक म्हणाला, चालवणारच! आणि जाता जाता विचारतो, दहा वर्षांनी हिचा भाव किती चढेल? दुसऱ्याने तर काचेची खोली बांधलीय म्हणे. आमच्या ह्यांनी तीस वर्षं हिंडवली, ती काय शेवटी काचेत बसायला?

घड्याळजी : माझ्याकडे काचेखाली फक्त घड्याळं. तीही लोकांची. वीस वर्षं एका स्टुलावर बसून दुरुस्त करतोय. आता जरा वारा खावासा वाटतो, एवढंच.

काकू : बोलायला गोड आहात. तेही गोडच होते. बायकोला सांगितलंय?

घड्याळजी : तिला वाटतंय, मी दुकानासाठी कपाट बघायला गेलोय.

काकू : अगबाई! म्हणजे घरीही थापाच.

घड्याळजी : आता मी एक विचारू? जाहिरातीत लिहिलंय, मालक गेल्यापासून तीन वर्षं गाडी जागची हललेली नाही.

काकू : लिहिलंय खरं.

घड्याळजी : फोटोत मीटरचा आकडा होता एकेचाळीस हजार दोनशे दहा. चादर इथे वर सरकलीय, म्हणून दिसतंय. आज दोनशे चौसष्ट.

काकू : डोळे फार बारीक हो तुमचे.

घड्याळजी : त्यांच्यावरच पोट आहे. कोण फिरवतं हिला? भाड्याने देता? आणि उभी होती असं सांगून माझ्या गळ्यात मारता?

काकू : हळू बोला, शेजारी ऐकतील. जाहिरात सुनेने लिहिली. तिला ठाऊक तेवढंच लिहिलं तिने.

घड्याळजी : आणि तुम्हाला काय ठाऊक आहे?

काकू : (पाय मागे ओढत) चहा टाकू का थोडा?

घड्याळजी : काकू, तुमच्या ह्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर... डाव्याच्या टोकाला काळं काय लागलंय?

काकू : ह्यांचा नेम होता. रोज पहाटे तळ्यापर्यंत एक फेरी. ते गेले, आणि मला वाटलं, नेम का मोडायचा? सुनेची खोली मागच्या बाजूला, आवाज जात नाही. तिला वाटतं, मी पाय मोकळे करायला जाते.

घड्याळजी : म्हणजे थापा इथेही.

काकू : हसा, हसा.

घड्याळजी : मग विकता कशाला?

काकू : उजवा गुडघा. किक मारवत नाही आता. परवा सात वेळा मारली आणि तिथेच पायरीवर बसून रडले. चालवता येते हो, सुरू तेवढी होत नाही माझ्याच्याने. चादरीखाली गंजण्यापेक्षा हिंडणाऱ्याकडे जावी.

घड्याळजी : आणा किल्ली.

(तिसऱ्या किकला इंजिन सुरू होतं.)

घड्याळजी : खरं सांगू? मित्राच्या गाडीवर दोन महिने मैदानात शिकलोय. रस्त्यावर अजून धीर होत नाही.

काकू : बूट बघूनच कळलं होतं. सरका मागे.

घड्याळजी : आत्ता? भर दुपारी? सूनबाई—

काकू : सहाला येते. नीट धरून बसा. आणि उद्या पहाटे किक मारायला याल, तेव्हा हे बूट नकोत. जुने घालून या.